बीटल: पाच मार्कांची तिकिटं आणि कधीच न मिळालेली गाडी

आजचा भाग गाडीवर आहे, पण मायलेज-पिकअपच्या गप्पा कमी आणि इतिहास जास्त.

जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात अनेक वर्षं १ मे रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनीच, जुन्या फोक्सवॅगन बीटल गाड्यांचा मोठा मेळावा भरत आला आहे. जर्मन लोक बीटलला लाडाने 'केफर' म्हणतात, म्हणजे भुंगा. मी गेलो तेव्हा मैदानभर भुंगेच भुंगे! काहींची मागची काच दोन भागांची होती. म्हणजे गाडी १९५३ च्या आधीची, मालकाची कॉलर एकदम ताठ. बीटलचं इंजिन मागे असतं, त्यामुळे सगळे मागचं झाकण उघडून कौतुकाने दाखवत होते. देशोदेशींच्या क्लबांचे लोक, पोरंटोरं, कुत्री, सगळी जत्राच.

तिथे जुन्या वस्तूंच्या एका टेबलावर मला एक पिवळं पडलेलं कार्ड दिसलं. त्यावर रांगेत तिकिटं चिकटवलेली. आजची गोष्ट या कार्डाची आहे.

१९३८ साल. हिटलरच्या राजवटीने जाहीर केलं की साध्या कामगारालाही गाडी मिळेल. किंमत ९९० मार्क. डिझाइन फर्डिनांड पोर्शे यांचं. आता आपण गाडी आधी घेतो आणि हप्ते नंतर फेडतो. इथे उलटं होतं: दर आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट घ्यायचं, कार्डावर चिकटवायचं, पूर्ण पैसे भरले की गाडी. सुमारे ३,३६,००० लोकांनी पैसे भरायला सुरुवात केली. त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं आणि कारखान्यातून लष्करी गाड्या बाहेर पडू लागल्या.

आणि त्या बनवल्या कुणी? युद्धकाळात या कारखान्यात सुमारे २०,००० लोकांकडून सक्तीने काम करून घेतलं गेलं. पोलंड, सोव्हिएत युनियन आणि इतर देशांतून आणलेली माणसं, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी. त्यांच्यातल्या बायकांची तान्ही बाळं काढून घेऊन वेगळ्या ठिकाणी ठेवली जायची. तिथल्या हेळसांडीमुळे तीनशेहून अधिक बाळं दगावली. हे वाचताना माझा घसा कोरडा पडला होता.

१९४५ मध्ये कारखाना ब्रिटिशांच्या ताब्यात आला. मेजर आयव्हन हर्स्ट नावाच्या अधिकाऱ्याने तो पुन्हा सुरू केला आणि ब्रिटिश सैन्यासाठी २०,००० गाड्यांची ऑर्डर मिळवली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. बीटल जगभर पोचली, हर्बी बनून सिनेमात गेली. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची गाडी बाहेर पडली तोवर आकडा झाला होता २,१५,२९,४६४.

आणि ते तिकिटंवाले? ते कोर्टात गेले. बरीच वर्षं खटला चालला. १९६१ मध्ये तडजोड झाली: नव्या गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहीतर रोख १०० मार्क. बस्स.

मग आता बीटल आवडूच नये का? मला तसं वाटत नाही. युद्धानंतर ज्या लाखो घरांनी तिच्यातून पहिली ट्रिप केली, त्यांचा आनंद खराच होता. पण लाडकी गाडी म्हणून तिच्या जन्माची गोष्ट अर्धीच सांगणं बरोबर नाही. वोल्फ्सबुर्गच्या त्याच कारखान्यात, हवाई हल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या एका जुन्या तळघरात, १९९९ पासून सक्तीच्या कामगारांचं स्मारक आहे. हॅनोव्हरहून ट्रेनने पटकन जाता येतं. हॅनोव्हरला गेलात तर आणखी एक दिवस हाताशी ठेवा आणि तेही बघून या.

तुमच्या घरात अशी एखादी जुनी गाडी आहे का? तिची गोष्ट आजी-आजोबांना विचारा, फोनवर रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!