एका पट्ट्याचे अनेक नकाशे : पालघर-तारापूर परिसरातील वारसास्थळे आणि मोकळ्या जागा

1882 च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये माहीम तालुका म्हणून नोंदलेल्या आणि पुढे पालघर तालुका म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या प्रदेशात केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, मुरबे, तारापूर असा सलग किनारपट्टा असून, त्यावरील पोर्तुगीजकालीन कोट, कोळीवाडे, नारळी-पोफळीच्या वाड्या, खाजणे आणि सुरूची बने यांची रचना परस्परावलंबी होती. कोटाभोवतालचे मोकळे रान टेहळणीसाठी राखले जाई आणि किनाऱ्याची वाळू होड्या ओढण्यासाठी, जाळी पसरण्यासाठी व बोंबील वाळवण्याच्या वलांड्या उभारण्यासाठी सामाईक समजली जाई. नकाशावर ती 'रिकामी' दिसली, तरी गावाच्या लेखी ती कधीच रिकामी नव्हती.

या पट्ट्यातील वास्तूंचे भवितव्य अधिकृत संरक्षणापेक्षा वहिवाटीनेच अधिक ठरले. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी 1739 मध्ये, ज्या तारापूरच्या कोटावर बाजी भीवराव रेठरेकर धारातीर्थी पडले आणि अखेर मराठ्यांचे निशाण चढले, तो कोट पुढे विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराकडे इनाम म्हणून गेला. त्यानंतरही तो खाजगी मालकीतच राहिल्याने आत बागायत वाढली आणि तट बऱ्याच अंशी टिकून राहिले. याउलट केळव्याच्या सुरूच्या बनातील छोटा कोट कोणाच्याच निगराणीत नसल्याने वाळूत गाडला गेला होता. ती वाळू दुर्गप्रेमींनी श्रमदानाने उपसली. पालघर शहरातील हुतात्मा स्तंभाचे उदाहरण आणखी वेगळे आहे. 'चले जाव' चळवळीत, 14 ऑगस्ट 1942 रोजी, कचेरीवर निघालेल्या मोर्चावरील गोळीबारात काशिनाथ पागधरे, गोविंद ठाकूर, रामप्रसाद तेवारी, रामचंद्र चुरी आणि सुकुर मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. त्या जागेचे पावित्र्य मुख्यतः दरवर्षी त्याच दिवशी तेथे जमणाऱ्या नागरिकांनी जपले आहे.

स्थानिक संस्थांच्या हाती कायदेशीर साधन आले ते महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मुळे. त्याच्या कलम 22 नुसार विकास योजनेत, म्हणजे शहरातील प्रत्येक जमिनीचा भावी वापर ठरवणाऱ्या नकाशात व त्यासोबतच्या अहवालात, क्रीडांगणे, उद्याने व हरितपट्टे यांबरोबरच ऐतिहासिक, नैसर्गिक आणि वास्तुशास्त्रीय महत्त्वाच्या स्थळांच्या जतनाचे प्रस्तावही मांडता येतात. अशा जागेवर टाकलेल्या निर्बंधास आरक्षण म्हणतात. परंतु कलम 127 अन्वये योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाने दिलेल्या सूचनेची मुदत संपल्यावर ते आरक्षण व्यपगत होते. उत्पन्नाची साधने तोकडी असलेल्या नगरपरिषदेला ही दहा वर्षे फार अपुरी पडतात, आणि मैदानांची आरक्षणे कागदावरच राहण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

याहून मोठी अडचण नियोजनाचे अधिकार अनेक संस्थांत विभागले गेल्याची आहे. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच ऑक्टोबर 1969 मध्ये कार्यान्वित झाले. सुरक्षेसाठी केंद्राभोवती 1.6 किलोमीटरपर्यंत निर्मनुष्य आणि पाच किलोमीटरपर्यंत लोकवस्तीच्या वाढीवर नियंत्रण असलेले क्षेत्र ठरवण्यात आले, त्यामुळे मोकळी जमीन राहिली खरी, पण ती गावाच्या वापराची राहिली नाही, आणि तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठवावी लागली. बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक क्षेत्रात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ हेच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. म्हणजे ज्या कारखान्यांच्या आधारे बोईसरची वस्ती फुगली, त्यांच्या भूखंडांच्या आखणीत बोईसर ग्रामपंचायतीला निर्णयाधिकार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या मूल्यमापनात तारापूर अतिप्रदूषित क्षेत्रांत गणले गेले. खाडीत जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध अखेर मांगेला या मच्छीमार समाजाच्या संघटनेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागावी लागली. मच्छीमारांची खाडी हीदेखील एक सामाईक जागा आहे, ही जाणीव आखणीच्या वेळी कोणत्याच नकाशात नव्हती.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आल्यावर या विभागणीत आणखी एका प्राधिकरणाची भर पडली. कोळगाव परिसरातील दुग्धविकास विभागाची सुमारे 440 हेक्टर जमीन नव्या नगरासाठी सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाकडे देण्यात आली, आणि तेथील जिल्हा मुख्यालयाचे उद्घाटन ऑगस्ट 2021 मध्ये झाले. परिणामी नगरपरिषद, सिडको, औद्योगिक महामंडळ आणि ग्रामपंचायती यांच्या हद्दी एकमेकींना खेटून असल्या, तरी शिरगावचा कोट, सातपाटीची वाळवण आणि पालघरचे मैदान एकाच दृष्टिक्षेपात दाखवणारा नकाशा नाही.

तरीही सर्वच वाटा बंद आहेत असे नाही. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेने मच्छीमारांच्या सामाईक जागा, मासळी वाळवण्याच्या जागांसह, गावपातळीच्या नकाशात दर्शवण्याची तरतूद केली. 12 जुलै 2011 च्या शासन निर्णयाने गायरानासारख्या सार्वजनिक वापराच्या जमिनींचे हस्तांतर रोखण्याचे धोरण स्वीकारले, तर तालुक्यातील ज्या गावांना अनुसूचित क्षेत्राचा दर्जा आहे, तेथे आदिवासी भागांतील पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला सामूहिक साधनसंपत्ती आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिला आहे. हे अधिकार वापरायचे तर गावाने आपल्या जागा आधी लेखी नोंदवायला हव्यात, कारण विकास योजनेवर हरकती व सूचना देण्याची मुदत मर्यादित असते आणि ती संपल्यानंतर मांडलेल्या म्हणण्याला फारसे वजन राहत नाही. म्हणून किनाऱ्यावरील व औद्योगिक पट्ट्यातील प्रत्येक ग्रामसभेने कोट, देवस्थाने, वाळवणी, गुरचरण आणि तलाव यांची गट क्रमांकांसह यादी ठरावाने मंजूर करून ती नगरपरिषद, सिडको आणि औद्योगिक महामंडळ या तिन्ही प्राधिकरणांकडे, पुढील आराखडे अंतिम होण्यापूर्वी, एकाच वेळी सादर करावी.