कासेवरचा लेप आणि कागदाचा पुरावा

आमच्या घरी दुधाच्या हिशेबाची एक जुनी वही आहे. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, पेंडीची पोती, कडब्याचे पैसे असे सगळे तीत आहे. एका पानावर सलग चार दिवस दूध निम्म्यावर आलेले दिसते आणि समोर वडिलांच्या अक्षरात ‘दगडी’ एवढाच शब्द. खाली डॉक्टरांची फी आणि ट्यूबचा खर्च. त्याच दिवसांत आजी परसातली कोरफड सोलून, तिचा गर हळदीत कालवून गायीच्या कासेला लावत होती, हे मला लख्ख आठवते. वहीत त्याचा उल्लेख नाही. कोरफडीला पैसे पडले नव्हते, म्हणून ती हिशेबात आली नाही आणि हिशेबात नाही म्हणून इतिहासातही नाही.

दगडी म्हणजे कासदाह. सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरतात, कास सुजते, तापते, दगडासारखी घट्ट होते. दुधात गुठळ्या येतात. या दुखण्यावरच्या वनस्पतींचा इतिहास शोधायचा तर पाने कुठली उलटायची?

पहिली धाव अर्थातच संस्कृत ग्रंथांकडे जाते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि आजारी गुरांवर उपचार करणे हे गोपालकाचे कर्तव्य मानले आहे. अग्निपुराणात गवायुर्वेदाचा अध्याय असून त्यात गायीच्या शिंगांच्या, कानांच्या दुखण्यांवर तेल, सैंधव, हिंग, मंजिष्ठा अशी द्रव्ये सांगितली आहेत. गुरांच्या औषधांचा विचार आपल्याकडे जुना आहे, एवढे यावरून नक्की म्हणता येते. पण आज कोरफड-हळदीच्या लेपाला सरसकट ‘पाच हजार वर्षांचा’ म्हणण्याची जी घाई होते, तिला हे आधार पुरत नाहीत. या लेपाची परंपरा ग्रंथांत कमी आणि गोठ्यात जास्त होती. धार काढणाऱ्या बाईच्या हाताला कासेतला फरक सर्वांत आधी कळे. लिहिण्याचे साधन मात्र तिच्या हाती नव्हते.

इंग्रजी अमदानीत मुंबईत परळला १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती १८९३मध्ये हिमालयातील मुक्तेश्वरला हलली. सरकारची मुख्य चिंता बुळकांडीची होती, कारण तिने गावेच्या गावे बैलांवाचून बसत. कास सुजलेली एखादी गाय ही घरची बाब राहिली. याच सुमारास, १८८०च्या दशकात, फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी सांसर्गिक कासदाहामागचे साखळीसारखे जंतू दाखवून दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेनिसिलिन आले आणि ते थेट सडातून कासेत सोडण्याची पद्धत जगभर रुळली.

आपल्याकडे १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ स्थापन केली, १९७० साली दूध महापूर योजना सुरू झाली आणि गोठ्यांत संकरित गायी आल्या. दूध वाढले, मोठ्या कासेबरोबर दगडीही वाढली. ट्यूब हा झटपट उपाय ठरला. तिने असंख्य गायी वाचवल्या, हे विसरता कामा नये. पण प्रतिजैविकांचा अंश दुधात उतरतो, अशा दुधाला विरजण नीट लागत नाही आणि वारेमाप वापराने जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

या अडचणीतूनच परसातली कोरफड परत आली. बंगळूरचे डॉ. बालकृष्णन नायर आणि तंजावरचे डॉ. पुण्णियमूर्ती यांनी दक्षिणेतील पशुपालकांच्या उपचारांवर काम केले आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्यातील कृती गावोगाव नेल्या. कासदाहाच्या कृतीत कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १० ते १५ ग्रॅम घेतात. चुन्याने हळद लाल होते. कुंकवाची कृती ठाऊक असलेल्या घरांना हा रंग नवा नाही. कास धुऊन, दूध पूर्ण काढून, हा लेप पातळ करून दिवसातून दहा वेळा लावायचा, असे पाच दिवस. शिवाय गायीला लिंबे खायला घालायची.

हळदीतील कर्क्युमिन दाह कमी करते, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. तरी वारंवार कास धुणे आणि अडलेले दूध काढणे हाही उपचारच आहे. श्रेय लेपाचे किती आणि धुण्याचे किती, हे तुलनात्मक चाचण्यांशिवाय सांगता येत नाही. गायीला ताप असेल, तिने वैरण सोडली असेल, तर डॉक्टरांना बोलवायलाच हवे. आणि घरगुती रस सडाच्या छिद्रातून आत सोडणे म्हणजे नव्या जंतूंना वाट करून देणे.

इथे हळदीचीच दुसरी गोष्ट आठवते. १९९५ साली अमेरिकेत जखमेवरील हळदीच्या वापराला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्या लढ्यात कामी आला तो छापील पुरावा. पुढे पारंपरिक ज्ञानाचा अंकीय संग्रह उभा राहिला, तोही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर. ज्या ज्ञानाला पोथी होती त्याला संरक्षण मिळाले. गोठ्यातल्या ज्ञानाला पोथी नव्हती.

त्यासाठी एक जागा मात्र कायद्यानेच करून दिली आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. माधव गाडगीळांनी या कल्पनेचा कितीतरी वर्षे पाठपुरावा केला. तिथे कासेच्या लेपाला पान मिळायला हवे. कुठल्या गावात काय घालतात, किती, किती दिवस आणि गुण आला नाही तेव्हा काय झाले, हेही. एक प्रमाणित कृती सर्वदूर गेली की बाकीच्या विसरल्या जातात. आजीच्या लेपात चुना नव्हता.

आमची ती गाय उठली, पण एका सडातून पुन्हा दूध आले नाही. तिला ट्यूबने वाचवले की लेपाने, हे त्या पानावरून ठरवता येत नाही. आजीला मी प्रमाण कधी विचारले नाही. वहीच्या समासात आता पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : ‘आजीने कोरफड व हळद लावली. चुना नाही.’ चाळीसएक वर्षे उशिरा झालेली ही नोंद आहे.