एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन

एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन हा अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ एम. ए. आर. बार्कर यांनी रचलेला अद्भुतरम्य रोलप्लेइंग गेम, अर्थात भूमिकाखेळ आहे. टीएसआर या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने तो १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. टेकुमेल या काल्पनिक ग्रहावर तो घडतो. सविस्तर रचलेल्या स्वतंत्र विश्वासह प्रकाशित झालेल्या सर्वांत आरंभीच्या भूमिकाखेळांत त्याची गणना होते. पूर्णतः अपरिचित अशा समाजात खेळाडूंचा प्रवेश कसा घडवावा, या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तरामुळेही तो उल्लेखनीय ठरतो.

पार्श्वभूमी

भूमिकाखेळात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, आपले पात्र काय करील हे खेळाडू सांगतात आणि अनिश्चित कृतींचा निकाल फाशांवर ठरतो. या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ म्हणून ओळखला जाणारा डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये आला. त्यातील किल्ले, तलवारी, बुटके व परीवंशीय लोक यांची ओळख पाश्चात्त्य खेळाडूंना लोककथांतून आणि टॉल्कीन यांच्या कादंबऱ्यांतून आधीच झालेली होती. त्यामुळे त्या जगाचा वेगळा परिचय करून देण्याची फारशी गरज भासत नसे.

बार्कर (१९२९–२०१२) यांची वाट निराळी होती. अमेरिकेतील क्लॅमथ या आदिवासी भाषेचे व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी सिद्ध केले. उर्दू व बलुची भाषांची पाठ्यपुस्तकेही लिहिली. पुढे ते मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक होते. टेकुमेलची कल्पना त्यांनी बालपणापासून जोपासली होती. भूमिकाखेळांशी परिचय झाल्यावर त्यांनी १९७४ मध्ये आपल्या खेळाच्या मोजक्या प्रती स्वतः काढल्या आणि पुढील वर्षी त्याची व्यावसायिक आवृत्ती निघाली.

टेकुमेलचे विश्व

टेकुमेलची कथा अतिदूरच्या भविष्यकाळात घडते. अंतराळप्रवासी मानवांनी व इतर जीवजातींनी हा ग्रह वसाहतीसाठी राहण्याजोगा केला. नंतर एका विश्वव्यापी उत्पातात त्याची सूर्यमाला मूळ विश्वापासून तुटून वेगळ्या अवकाशात फेकली गेली. तेव्हापासून तेथील रात्रीच्या आकाशात तारे दिसत नाहीत. जुने यंत्रज्ञान विस्मरणात गेले आणि त्याचे अवशेष आता जादूच्या वस्तू मानले जातात.

लोखंड दुर्मीळ असल्याने च्लेन नावाच्या अवजड प्राण्याच्या कातडीवर प्रक्रिया करून शस्त्रे व चिलखते बनवतात. घोडा तेथे नाहीच. ग्रहाचे मूळ रहिवासी असलेले स्सू मानवांना शत्रू मानतात. त्यांच्या अंगाला कुबट दालचिनीसारखा वास येतो. पे चोइ, शेन, अहोग्या आदी जाती मात्र माणसांसोबत नांदतात.

खेळाच्या केंद्रस्थानी त्सोल्यानु हे साम्राज्य आहे. त्याच्या संस्कृतीत प्राचीन ईजिप्त, मध्य अमेरिका, मध्यपूर्व व भारत यांच्या छटा दिसतात. व्यक्तीची ओळख प्रामुख्याने तिच्या कुळावरून ठरते. दहा देव आणि त्यांचे दहा सहचर देव यांची उपासना चालते. हे देव स्थैर्य व परिवर्तन अशा दोन पक्षांत विभागलेले असून दोन्ही पक्षांची मंदिरे एका जुन्या कराराच्या आधारे एकाच नगरात उभी असतात. अपमान किंवा इजा झाल्यास शाम्तला नावाची भरपाई देऊन तंटा मिटवता येतो. समोरच्याच्या दर्जाप्रमाणे द्वितीयपुरुषी सर्वनाम बदलते. ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांतील भेद जाणणाऱ्या मराठी वाचकाला हे सहज उमगेल. मात्र त्सोल्यानी भाषेतील अशा रूपांची संख्या कितीतरी अधिक आहे.

नगरे ठरावीक काळाने बुजवून त्यांवर नवी नगरे बांधण्याच्या प्रथेला दितलाना म्हणतात. जुन्या वस्तीचे थर त्यामुळे जमिनीखाली उरतात. भूमिगत दालनांत शोधमोहीम काढणे हा त्या काळच्या भूमिकाखेळांतील नेहमीचा भाग होता. ती दालने मुळात आली कोठून, याचे कारण बार्कर यांनी या प्रथेतून पुरवले.

नव्या खेळाडूंचा प्रवेश

इतका तपशील खेळण्यापूर्वी आत्मसात करणे नवख्याला अवघड होते. १९७५ च्या नियमांत त्यावर साधा उपाय आहे. खेळाडूंची पात्रे दूरच्या प्रदेशांतून आलेली परकी माणसे असतात. एका लहान नावेतून ती जकाला या मोठ्या बंदरात उतरतात आणि त्यांना परकीयांसाठी राखलेल्या वस्तीत राहावे लागते. नगरात मनमोकळे हिंडण्याची मुभा त्यांना नसते; अजाणता घडलेला रीतिभंगही जिवावर बेतू शकतो. एखाद्या स्थानिकाने देऊ केलेले काम स्वीकारून ती पैसा व प्रतिष्ठा मिळवतात आणि क्रमाने समाजात शिरकाव करतात.

या योजनेत खेळाडूचे अज्ञान आणि पात्राचे अज्ञान एकच होते. खेळाडूने विचारलेला प्रत्येक प्रश्न पात्राच्या तोंडी शोभतो. चूक झाली तर तीही कथेचा भाग बनते. सूत्रधाराला आरंभी संपूर्ण साम्राज्य सांगावे लागत नाही. बंदर, वस्ती, एक आश्रयदाता आणि एक मंदिर एवढ्यावर पहिले प्रसंग उभे राहतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. परकी पात्रे दीर्घकाळ समाजाच्या काठावरच राहतात. कुळातील मानपान, विवाहसंबंध, मंदिरांतील चढाओढ यांत त्यांना स्थान मिळत नाही, आणि टेकुमेलचे वैशिष्ट्य तर तेथेच आहे.

म्हणून पुढे दुसरी पद्धत रूढ झाली. तीत पात्र त्सोल्यानुतच जन्मलेले असते. १९९० च्या दशकाच्या आरंभी निघालेल्या ॲडव्हेंचर्स ऑन टेकुमेल या पुस्तकमालेत पात्राचे कूळ, बालपण व तारुण्यातील प्रवेश टप्प्याटप्प्याने ठरतात. त्यातील काही भाग खेळाडूला एकट्याने खेळता येतो. अशा रीतीने तो प्रत्यक्ष खेळाला बसण्यापूर्वी त्या समाजात जणू लहानाचा मोठा होतो. येथे समाजाच्या अंतर्भागात थेट प्रवेश मिळतो, परंतु पूर्वतयारी वाढते.

बार्कर यांच्या द मॅन ऑफ गोल्ड (१९८४) या कादंबरीत दोन्ही पद्धतींचा मेळ दिसतो. तिचा नायक हर्सान हा त्सोल्यानुचा पुरोहित व अभ्यासक असला, तरी पे चोइ जातीत वाढल्याने माणसांचे जग त्यालाही काहीसे नवे आहे.

नंतरच्या आवृत्त्या

१९८० च्या दशकात स्वोर्ड्स अँड ग्लोरी हा अधिक विस्तृत नियमसंच आला. त्याचे तीन खंड योजले होते. प्रत्यक्षात दोनच प्रसिद्ध झाले. १९९० च्या दशकात गार्दासियाल आणि २००५ मध्ये गार्डियन्स ऑफ ऑर्डर या संस्थेने काढलेला नवा खेळ यांतून टेकुमेलचे विश्व खेळाडूंपुढे येत राहिले.

लेखकाविषयीचा वाद

२०२२ मध्ये टेकुमेल फाउंडेशन या संस्थेने दोन गोष्टींना दुजोरा दिला. १९९१ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेली सर्पन्ट्स वॉक ही नवनाझी विचारांची कादंबरी बार्कर यांनीच लिहिली होती. तसेच, ज्यूंचा वंशसंहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर ते होते. अनेक परक्या संस्कृतींचा व भाषांचा अभ्यास केलेल्या लेखकाविषयीची ही माहिती बऱ्याच वाचकांना व खेळाडूंना धक्कादायक वाटली. टेकुमेल यापुढे खेळावे का, आणि खेळल्यास निर्मात्याच्या विचारांची जाणीव नव्या खेळाडूंना कशी करून द्यावी, यावर त्यानंतर चर्चा झाली. टेकुमेलचा परिचय करून देताना हा भाग आता वगळता येत नाही.