जीवधनवरचा राजा

व्हिस्कोन्टीचा 'द लेपर्ड' हा १९६३चा इटालियन सिनेमा बघितलाय? सिसिलीतल्या एका मोठ्या घराण्याचे दिवस फिरलेत. म्हणून घरातल्या भाच्याचं लग्न नव्यानं पैसेवाल्या झालेल्या मेयरच्या मुलीशी ठरतं. एकाकडे नाव, दुसऱ्याकडे पैसा. आपल्या जुन्नर भागातही असाच एक व्यवहार झाला होता. तिथं लग्न नव्हतं, गादी होती. आणि नाव होतं एका लहान पोराचं.

जून १६३३. मुघलांनी दौलताबाद घेतलं, निजामशहाला पकडून ग्वाल्हेरला धाडलं. दिल्लीला वाटलं, संपली निजामशाही. पण शहाजीराजांकडे फौज होती, जुन्नरसकट मोठा मुलूख होता. मग ते स्वतःच गादीवर का नाही बसले?

कारण गादीला रक्त लागायचं. सरदार कितीही ताकदवान असो, स्वतः बसला की तो बंडखोर. तेच राजघराण्यातलं पोर पुढं केलं, की मुलूख 'सरकारचा' होतो, जुने किल्लेदारही ऐकतात. असं पोर जीवधनवर कैदेत होतं, मूर्तजा नावाचं. त्याला तिथून काढून संगमनेरजवळच्या पेमगिरीवर राजा केलं. हुकूम त्याच्या नावानं, कारभार शहाजीराजांचा. नुकतंच १६३० ते ३२च्या दुष्काळातून कसंबसं वाचलेल्या रयतेला अर्थातच कुणी विचारलं नाही.

आता गंमत बघा. हे शाही रक्त तरी किती जुनं? जेमतेम दीडशे वर्षांचं. १४९०मध्ये मलिक अहमदनं जुन्नरमधूनच स्वतंत्र राज्य सुरू केलं. फेरिश्ता सांगतो, त्याचा बाप मूळचा ब्राह्मण, घराणं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. लहानपणी बहमनी फौजेला सापडला आणि गुलाम झाला. म्हणजे गुलामाचा मुलगा राजा होऊ शकला, पण पुढं त्याच्याच वंशाशिवाय गादी हलेना!

हा डाव तीनेक वर्षं चालला. १६३६मध्ये माहुलीला वेढा पडला, तह झाला. शहाजीराजे आदिलशाहीत गेले, जुन्नर मुघलांना द्यावं लागलं. मूर्तजालाही मुघलांच्या हवाली केलं. एका कैदेतून निघून तो दुसऱ्या कैदेत गेला. त्याला स्वतःला काय हवं होतं, हे कुठल्याच कागदात सापडत नाही.

तेव्हा शिवनेरीवर जन्मलेला शहाजीराजांचा मुलगा सहा वर्षांचा होता. १६७४मध्ये तो दुसऱ्या कुणाचं पोर पुढं न करता स्वतःच सिंहासनावर बसला. पण त्यालाही आधी वंशावळ दाखवावी लागलीच.