छोटा नागपूरचें दारिद्र्य : एक इतिहास व एक धडा

गरीब मनुष्य आपल्या आळसानें, व्यसनानें अथवा अडाणी चालीरीतींमुळें गरीब राहतो, असें सुखवस्तु लोकांच्या तोंडून वारंवार ऐकूं येतें. हें म्हणणें कितपत खरें आहे, हें इतिहासालाच विचारावें. त्यासाठीं आजच्या झारखंड राज्यांतील छोटा नागपूरच्या मुंडा लोकांचें उदाहरण वाचकांपुढें ठेवितों.

मुंडांच्या पूर्वजांनीं जंगल तोडून जमीन लागवडीस आणली. ज्या घराण्यानें गांव वसविलें, त्याच्या वंशजांची ती समाईक जमीन. या पद्धतीस खुंटकट्टी म्हणतात. तिचा कागदी दाखला नव्हता. गांवच्या स्मशानांतील पूर्वजांच्या शिळा, ज्यांस ते ससनदिरी म्हणतात, हाच त्यांचा दाखला. पुढें राजाकडून गांवें मिळविलेले जमीनदार व ठेकेदार आले आणि त्यांच्या मागोमाग इंग्रजांची कचेरी आली. कचेरींत कागद चाले, शिळा चालत नसे. मूळचा धनी तेथें कूळ ठरला. त्याच्यावर वेठबिगार लादली गेली व सावकाराच्या वहींत त्याचें नांव चढलें. १८३१-३२ चें कोलांचें बंड याच असंतोषांतून पेटलें. म्हणजे आधीं जमीन गेली, मग हलका दर्जा आला, आणि शेवटीं ‘हे लोकच असे’ हा शिक्का बसला.

१८८५ सालीं बेल्जियमचे जेज्वीट फादर कॉन्स्टंट लीव्हन्स तोरपा येथें आले. त्यांनीं लोकांची भाषा व जमिनीची वहिवाट शिकून घेतली आणि कोर्टांत त्यांची बाजू सांभाळली. हजारों लोक ख्रिस्तसभेंत आले. खटल्यासाठीं लोक बाप्तिस्मा घेतात, असा आक्षेप तेव्हां निघाला, व तो अगदींच निराधार होता असें म्हणवत नाहीं. परंतु अन्यायानें गांजलेला मनुष्य जो हात देईल त्याच्याकडेच वळतो. क्षयानें खंगून फादर १८९२ सालीं स्वदेशीं परतले व १८९३ सालीं अवघ्या ३७ व्या वर्षीं निवर्तले.

मात्र एकेक खटला जिंकून सारा प्रश्न सुटणारा नव्हता. १८९९ च्या अखेरीस बिरसा मुंडा यांचें बंड उसळलें, तेव्हां सरवदा येथील आमच्या मिशनवरही बाण सुटले. बिरसा स्वतः कांहीं काळ मिशन शाळेंत शिकले होते. परकी सत्ता आणि परका पाद्री यांतील भेद त्या दुखावलेल्या लोकांस सदैव दिसलाच असें नाहीं, ही गोष्ट आपण नम्रपणें लक्षांत ठेवावी. ९ जून १९०० रोजीं रांचीच्या तुरुंगांत बिरसांचा अंत झाला.

सरवदा येथील फादर जॉन हॉफमन यांनीं यापुढचें पाऊल टाकलें. १९०८ चा छोटा नागपूर कूळकायदा घडविण्यांत त्यांच्या अभ्यासाचा मोठा वांटा होता. त्या कायद्यानें खुंटकट्टीचा हक्क मान्य केला आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांच्या हातीं जाण्यास आळा घातला. शिळेची साक्ष अशी कायद्याच्या पुस्तकांत आली. १९०९ सालीं त्यांनीं कॅथॉलिक सहकारी पतपेढी स्थापिली. थेंबें थेंबें सांठलेल्या पैशांतून सभासदास कर्ज मिळूं लागलें व सावकाराची पायरी चढण्याची गरज कमी झाली. मुंडांची भाषा व रीतिरिवाज यांचा प्रचंड कोशही त्यांनींच आरंभिला. ते जर्मन असल्यामुळें पहिल्या महायुद्धांत त्यांस हा देश सोडावा लागला. १९२८ सालीं ते वारले.

आपल्या वसईचाही अनुभव फारसा निराळा नाहीं. १९१८ सालीं मोन्सेनियर पी. जे. मोनीस यांनीं तेथें पतपेढी काढली, तीच आज बसीन कॅथॉलिक बँक म्हणून नांवाजलेली आहे.

कायदा झाला म्हणून दारिद्र्य सरतें असें मात्र नाहीं. झारखंडची गणना आजही गरीब राज्यांत होते. २०१६ सालीं हाच कायदा सैल करण्याचें विधेयक विधानसभेनें मंजूर केलें. लोकांच्या तीव्र विरोधानंतर २०१७ सालीं राज्यपालांनीं तें परत पाठविलें. हक्क एकदां मिळाला तरी तो पुनःपुन्हां राखावा लागतो.

बंधुभगिनींनो, ज्या चालीरीतींस दारिद्र्याचें कारण म्हणून नांवें ठेविलीं गेलीं, त्याच रीतींच्या आधारें मुंडांनीं आपली जमीन राखली. आपल्या धर्मग्रामांतही परगांवाहून आलेले मजूर आहेत, कर्जांत बुडालेलीं कुटुंबें आहेत. त्यांचे दोष मोजण्यापूर्वीं त्यांचा इतिहास विचारावा, त्यांची भाषा शिकावी, आणि मगच हातांतील दान पुढें करावें. ज्युबिलीच्या वर्षीं बंदिवानांस मुक्त करावें व ज्याची जमीन त्यास परत द्यावी, अशी पवित्र शास्त्राची आज्ञा आहे. ज्युबिली साजरी करणाऱ्या आपणांस तिचें स्मरण असावें.