बैल मोजले, गाय मिळाली

आत्महत्येचं कारण कर्ज, असं आपण पटकन म्हणून टाकतो. पण तसंच कर्ज शेजारच्या घरीही असेल तर? इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्र राज्य सरकारसाठी अभ्यास करायला यवतमाळ, वर्धा आणि वाशीममध्ये आले, तेव्हा त्यांनी दोन्ही तऱ्हेची घरं तपासली: आत्महत्या झालेली आणि न झालेली. मला हे महत्त्वाचं वाटतं. नाहीतर तुलना कशाशी करणार?

जानेवारी 2006 मध्ये अहवाल आला. आत्महत्या झालेल्या घरांत कर्ज जास्त, उत्पन्न कमी, आणि बैलही कमी. आता बैल नाही म्हणजे काय, हे इथं कोणाला सांगायला नको. पेरणी दुसऱ्याच्या सवडीनं, तोवर वाफसा जातो.

जुलैत पंतप्रधानांचं पॅकेज जाहीर झालं: सहा जिल्हे, 3,750 कोटी. मोठा वाटा सिंचनाला, शिवाय व्याजमाफी. आणि अनुदानावर दुभत्या गायी! कोरडवाहू कापूसवाल्यानं चारा आणायचा कुठून? कित्येकांना ती गाय पोसवेना. किती गायी वाटल्या, हा आकडा कचेरीत बसून मिळतो. त्या घरचं पुढं काय झालं, ते विचारायला पुन्हा दोन्ही दारांत जावं लागतं.