कोटी

सकाळच्या लोकलमध्ये एकाने विचारले, ''डोंबिवलीत जागा मिळाली का?'' उत्तर आले, ''मिळाली की! वीस वर्षं हप्ते फेडायचेत.'' डबा हसला आणि कुणीतरी म्हणाले, ''काय कोटी केलीस!''

संस्कृतात 'कोटि' म्हणजे टोक, विशेषतः धनुष्याचे. रामेश्वरजवळचे धनुष्कोडी त्याच टोकावरून आले. टोकावरून अर्थ गेला पराकाष्ठेकडे, पुढे शंभर लाखांच्या संख्येकडे. हिंदीतला 'करोड' याच घरातला. दर्जाच्या अर्थाने 'उच्च कोटीचा गायक' आपण आजही म्हणतो.

शास्त्रार्थात वादाची एकेक बाजू म्हणजे कोटी. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची 'चतुष्कोटी' प्रसिद्धच आहे. मराठीत युक्तिवादाला 'कोटिक्रम' म्हणतात. बिनतोड युक्तिवादातली चतुराई हळूहळू शब्दांच्या कसरतीत उतरली असावी आणि कोटी म्हणजे श्लेषावरचा विनोद झाला. हिंदीत मात्र तिला हा अर्थ नाही.

आमच्या मध्य रेल्वेवर कोटीबाजांची वतनेच आहेत. ठाण्यात १९७८पासून गडकरी रंगायतन, कल्याणात आचार्य अत्रे रंगमंदिर. गडकऱ्यांच्या नाटकांत पात्रे कोट्यांनीच एकमेकांना भिडतात. त्यांचे शिष्य म्हणवणाऱ्या अत्र्यांनी तेच हत्यार अग्रलेखांत आणि व्यासपीठावर परजले.

आता कोटी 'जमते', 'फसते', 'ओढूनताणून' होते. पु. ल. देशपांडे तर 'कोट्यधीश' ठरले. तरुण मंडळी फसलेल्या कोटीला 'पीजे' म्हणतात. वर्तमानपत्रात मात्र कोटी दिसते ती बहुधा घोटाळ्याच्या बातमीत.